मोरपंखी अंग, राणी काठ आणि डोळ्यावरचा मुका मार

तुझा प्रश्न मला समजला तो असा. वय २४, रंग सावळा, पुढच्या महिन्यात थोरल्या बहिणीचं लग्न. तुला मोरपंखी पैठणी नेसायची आहे, काठ राणी. साडी एवढी रंगीत असताना डोळ्यांवर नेहमीचं तपकिरी-सोनेरी नको, रंग हवेत, म्हणून ३५ शेडचं पॅलेट आणलंस. व्हिडिओ बघून चार वेळा करून पाहिलंस आणि चारही वेळा 'कुणीतरी बुक्की मारल्यासारखं' दिसलं. पार्लरवाल्या ताईंनी सांगितलं की सावळ्या रंगाला रंगीत शेड खुलतच नाहीत. आता तुला कुठला रंग कुठल्या रंगाला शोभतो याची यादी हवी आहे.

यादी मी देणार नाही, आणि त्यात आखडूपणा नाही. मोरपंखी आणि राणी एकमेकांना शोभतात हे तुझ्या साडीनेच सिद्ध केलंय. निवडीत तू चुकलेलीच नाहीस. घोळ होतोय तो दोन रंग जिथे भेटतात त्या दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत. यादी शंभर जोड्यांची दिली तरी त्या जागेचं काय करायचं हे कळेपर्यंत मुका मार काही जाणार नाही. (वयाने लहान आहेस म्हणून अगं-तूगं करतेय, राग मानू नकोस.)

मी नाशिकला गेली १७ वर्षं नवऱ्या सजवते. माहेर येवल्याचं, शेजारच्या घरात हातमाग होता, त्यामुळे रंगांची पहिली शिकवणी फुकटात झाली. ती उपयोगाला आली मात्र बऱ्याच उशिरा. कामाच्या दुसऱ्याच वर्षी एका हळदीला गेले होते. नवरीची साडी पिवळी, काठ जांभळा. मी पापणीवर पिवळा लावला, बाहेरच्या कोपऱ्यात जांभळा, आणि क्लासमध्ये घोकून घेतलं होतं तसं दोघांच्या सीमेवर ब्रश गोल गोल फिरवत बसले. बघता बघता मधोमध सारवलेल्या अंगणाचा रंग उमटला. आणखी फिरवला तर अंगण वाढलं. वरून पिवळा थापला तर तोही मळला. बाहेर करवल्या दार वाजवतायत, हळद कालवून झाली म्हणून. नवरीची मावशी आत डोकावली आणि म्हणाली, "अगं बाई, हिच्या डोळ्याला काय झालं?" कापसावर खोबरेल घेऊन सगळं पुसलं आणि शेवटी नुसतं काजळ घालून नवरीला पाटावर बसवलं. त्या कार्यात माझं अर्धं मानधन कापलं गेलं, आणि खरं सांगायचं तर ते योग्यच होतं.

असं का होतं, हे रंगपंचमी खेळलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. सकाळी दहाला अंगावर गुलाबी, हिरवा, पिवळा वेगवेगळे ओळखू येतात. दुपारी एकला गल्लीतली सगळी पोरं एकाच काळपट तपकिरी रंगाची झालेली असतात. काळा किंवा तपकिरी रंग कुणीच आणलेला नसतो, उलट स्वभावाचे रंग एकमेकांत मिसळले की ते एकमेकांना मारतात आणि राखाडी-मातकट काहीतरी उरतं. आमच्या नाशिकच्या रहाडी आठव, पेशवेकाळापासूनचे ते जमिनीतले हौद. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. एका रहाडीत एकच रंग, म्हणून डुबकी मारून वर आलेला माणूस त्याच स्वच्छ रंगाचा निघतो.

आता हे जरा शिस्तीत बघू. सगळे रंग एका गोल ताटात कडेने मांड, पण साड्यांच्या दुकानातली नावं घेऊन: लाल, शेंदरी, केशरी, हळदी, लिंबू, पोपटी, हिरवा, मोरपंखी, निळा, जांभळा, राणी आणि परत लाल. या ताटात शेजारी शेजारी बसलेले रंग मिसळले तर मधला रंगही देखणाच निघतो. हळदी आणि शेंदरी मिसळलं की केशरी. मोरपंखी आणि जांभळा मिसळलं की निळसर काहीतरी. समोरासमोर बसलेले मिसळले की चिखल: पिवळा-जांभळा, लाल-हिरवा, केशरी-निळा. मोरपंखी आणि राणी अगदी नाकासमोर नाहीत, थोडे तिरके बसतात, म्हणून तुझा पूर्ण चिखल होत नाही. करडा-जांभळा होतो. आणि करडा-जांभळा डोळ्याभोवती आला की माणसाच्या मनात एकच गोष्ट येते, मार. त्यात तुझ्या गुलाबी शेडमध्ये पांढरी भर बरीच असणार. स्वस्त पॅलेटमध्ये असतेच. ती सावळ्या त्वचेवर राखेसारखी दिसते आणि करडेपणात आणखी भर घालते.

म्हणजे 'ब्लेंड करा, अजून ब्लेंड करा' हा जो मंत्र प्रत्येक व्हिडिओत ऐकू येतो, तो तुझ्या जोडीसाठी विष आहे. तो मंत्र तपकिरी शेडसाठी जन्मला. तपकिरीच्या पाच छटा कितीही घोटल्या तरी तपकिरीच राहतात, म्हणून तिथे चूक करायला वावच नसतो.

इथे येवला कामाला येतं. पैठणीत रंग दोन प्रकारे भेटतात. अंगात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतात, त्यामुळे साडी हलली की रंग बदलतो, त्याला आपण धूपछाव म्हणतो. तुझ्या मोरपंखीत निळा आणि हिरवा असे दोन धागे असण्याची शक्यता बरीच आहे, निरी उन्हात धरून बघ. काठाची गोष्ट वेगळी. कडियल काठाच्या पैठणीत काठासाठी स्वतंत्र धोटा (आडवा धागा वाहून नेतो तो) चालतो, काठाचा उभा-आडवा धागा एकाच रंगाचा असतो, आणि अंगाचा धागा जिथे काठाला भेटतो तिथे दोघं एकमेकांत कडीसारखे अडकून आपापल्या घरी परततात. काठाचा रंग अंगात शिरत नाही. म्हणून तो स्वच्छ राहतो. शेजारचे काका माग चालवताना मी तासन्‌तास बघत बसायचे. एक धोटा डावीकडून निघायचा, काठापाशी वळायचा, दुसरा तिथून पुढे निघायचा. डोळ्याच्या मेकअपमध्ये अगदी हेच करायचं असतं हे कळायला मला ती हळद नासवावी लागली.

तर माझा नियम एवढाच: शेजारी रंगांची धूपछाव करायची, समोरच्या रंगांना काठ द्यायचा.

धूपछाव म्हणजे मोरपंखी, निळा, जांभळा हे एकमेकांवर चढू द्यायचे, सीमा पुसायची, मनसोक्त घोटायचं. काठ द्यायचा म्हणजे राणी रंग मोरपंखीला टेकू द्यायचा नाही. मधे काहीतरी ठेवायचं, काजळाची रेघ, सोनेरी, किंवा नुसती कातडी. पैठणीत ते काम जरीची तार करते. सोनेरी रंग कुठल्याही दोन भांडखोर रंगांच्या मधे बसवता येतो, तो दोघांचा पाहुणा.

तिसरीही एक वाट आहे, वळशाची. मोरपंखीवरून राणीला जायचंय तर ताटात कडेकडेने चालत जायचं: मोरपंखी, मग निळा, मग जांभळा, मग राणी. प्रत्येक पावलाला शेजारी भेटतो, त्यामुळे कुठेच चिखल होत नाही. व्हिडिओतली ती सूर्यास्तासारखी चढत जाणारी पापणी असते ना, ती अशीच केलेली असते. पण तिला जागा लागते. आणि इथून पुढे सगळं तुझ्या डोळ्यावर अवलंबून आहे, जो मी पाहिलेला नाही.

आरशात सरळ बघ, हनुवटी वर न करता, आणि डोळे उघडे ठेवून पापणीचा किती भाग दिसतो ते पाहा. करंगळीच्या नखाएवढा किंवा जास्त दिसत असेल तर वळसा जमेल. त्याहून कमी दिसत असेल, किंवा पापणीच्या वरची कातडीची घडी पापणीवर उतरलेली असेल (आपल्याकडे पुष्कळांची असते, माझीही आहे), तर चार रंगांचा नाद सोड. दोन पुरे. घडीखाली गेलेला रंग कुणाला दिसत नाही, उलट डोळा मिटता-उघडता तो वरच्या रंगाला चिकटतो आणि तासाभरात तोच चिखल आपोआप तयार होतो. व्हिडिओ करणाऱ्या मुलींच्या पापण्या बहुधा मोठ्या, मोकळ्या असतात, आणि त्यातही त्या डोळे मिटून दाखवतात. लग्नात तू डोळे मिटून बसणार नाहीस.

आता त्या पार्लरवाल्या ताईंबद्दल. त्यांचं अर्धं म्हणणं मला कळतं. मुहूर्ताच्या घाईत दहा बायका रांगेत असताना तपकिरी-सोनेरी कधीच दगा देत नाही, मीही सकाळी सातच्या मुहूर्ताला तेच करते. पण सावळ्या रंगाला रंग खुलत नाहीत हे मी मानत नाही. सावळ्या मनगटावर हिरवा चुडा बघितलायस ना? गोऱ्या मनगटावर तो नुसता हिरवा दिसतो, सावळ्यावर झळकतो. सावळ्या त्वचेवर फसतात ते फिके, पांढरट रंग: बेबी पिंक, आकाशी, पिस्ता, लव्हेंडर. गडद आणि भरीव रंग बसतात: मोरपंखी, चिंतामणी, जांभळा, डाळिंबी, आमसुली, गडद केशरी. फिकाच रंग हवा असेल तर मॅट न घेता चमक असलेला घ्यावा, म्हणजे पांढरेपणा राखेसारखा न दिसता उजेडासारखा दिसतो.

शिवाय आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या पापण्या मुळातच बाकी चेहऱ्यापेक्षा गडद, थोड्या निळसर-तपकिरी असतात. त्यावर सरळ रंग लावला की तो रंग अधिक तो काळपटपणा असं मिश्रण दिसतं. म्हणून आधी नारिंगीकडे झुकणारा करेक्टर बोटाने अगदी पातळ थापायचा, निळसरपणाला नारिंगी मारतो. म्हणजे ज्या भांडणाने तुझा मेकअप बिघडवला तेच भांडण इथे कामाला लावायचं. त्यावर कातडीच्याच रंगाचा कन्सीलर, उजळ अजिबात नाही, आणि पावडरचा हलका हात. फक्त जिथे मोरपंखी झगझगीत हवा असेल तिथे, पापणीच्या मध्यावर, पावडरीच्या आधी पांढऱ्या आयपेन्सिलचा ठिपका देऊन बोटाने पसरवायचा. पांढऱ्या भिंतीवर रंग जसा खरा दिसतो तसंच आहे हे.

तुझ्यासाठी मी काय केलं असतं? खरं सांगू, राणी रंग मी पापणीवर आणलाच नसता. काठ ओठांवर जाऊ दिला असता. डोळ्यांवर मोरपंखी-निळा-जांभळा ही शेजाऱ्यांची धूपछाव आणि ओठांवर राणी लिपस्टिक. दोन्ही रंग चेहऱ्यावर आहेत, त्यांच्यामधे गाल आणि नाक एवढा मोठा काठ आहे, भांडण्याचा प्रश्नच नाही. साडीतही बघ, अंग किती आणि काठ किती. दोघं निम्मे-निम्मे असते तर साडी पताकेसारखी दिसली असती.

ते करायचं असं. डोळे आधी, चेहऱ्याचा बेस नंतर. मोरपंखी आणि जांभळ्याची पूड गालावर पडते ती पडतेच, आणि फाउंडेशनवर पडली की पुसताना हिरवट फराटा उमटतो. डोळे आधी केलेस तर ओल्या कापसाने पुसून मोकळी होशील. वर सांगितलेला बेस लाव. मग घडीत एक कोमट तपकिरी, तुझ्या कातडीपेक्षा जेमतेम दोन छटा गडद, मोठ्या मऊ ब्रशने, डोळा उघडा ठेवून. हा रंग दिसण्यासाठी नाही. मोरपंखीची वरची कड कातडीत विरघळायला काहीतरी लागतं, तेवढ्यापुरता तो आहे. फक्त विटकरी किंवा तांबूस तपकिरी घेऊ नकोस, कारण ते नेमके मोरपंखीच्या समोर बसतात आणि कडेला मळकट पट्टा येतो. चहात दूध जास्त झाल्यासारखा तपकिरी घे.

मग चपटा ब्रश. मोरपंखी शेड ब्रशवर घेऊन ब्रशच्या दांडीला टिचकी मार, जास्तीची पूड उडू दे, आणि पापणीवर दाबून दाबून लाव. पुसल्यासारखा ओढू नकोस. ओढला की रंग उचलला जातो, दाबला की बसतो. बऱ्याच मुली 'माझं पॅलेट फिकं आहे' म्हणतात, आणि मी त्यांच्याच पॅलेटने दाबून लावून दाखवते तेव्हा गप्प बसतात. घडीच्या किंचित खाली थांब. बाहेरच्या तिसऱ्या भागात गडद निळा, पेन्सिल ब्रशने, आणि अगदी टोकाला चिमूटभर जांभळा. आता स्वच्छ ब्रश घे, पुन्हा सांगते, स्वच्छ, ज्यावर कुठलाच रंग नाही, आणि मोरपंखी-निळ्याच्या सीमेवर तीन-चार वेळा मोटारीच्या वायपरसारखा फिरव. मग थांब. नाकाकडच्या कोपऱ्यात सोनेरीचा ठिपका, साडीच्या जरीशी मिळता. वर काजळ किंवा लायनर आणि मस्कारा.

चमक एकाच जागी ठेव. मोरपंखी चमकता घेतलास तर निळा आणि जांभळा मॅट. सगळंच चमकलं की उजेडात रंगांच्या सीमा हरवतात आणि लांबून नुसता ओला डोळा दिसतो. हल्ली मिळणारी रंग बदलणारी शेड, जिच्यात अभ्रकाच्या कणांवर अतिपातळ थर देऊन कोनानुसार वेगळा रंग दिसेल असं केलेलं असतं, ती तुझ्या धूपछाव साडीला झकास जाईल. निळ्याची हिरवी होणारी घे आणि गडद बेसवर लाव, उजळ बेसवर ती काहीच दाखवत नाही.

आणि तरीही राणी डोळ्यावरच हवा असेल? तर खालच्या पापणीला, फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात, आणि एका अटीवर. गुलाबी-लाल रंग डोळ्याच्या कडेला थेट टेकला तर डोळे आल्यासारखे किंवा आत्ताच रडून आल्यासारखे दिसतात. म्हणून आधी आत काजळ भर, मग केसांच्या मुळाशी काळी बारीक रेघ, आणि त्या रेघेच्या खाली राणी, तोही डाळिंबीकडे झुकणारा, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा. काळी रेघ म्हणजे तुझा कडियल काठ. वरचा निळा-जांभळा आणि खालचा राणी बाहेरच्या कोपऱ्यात भेटतील तिथे जांभळा मधे राहू दे, तो दोघांचाही शेजारी आहे. असं केलंस तर मात्र ओठ शांत ठेव. राणी दोन ठिकाणी झाला की नजर कुठे थांबायचं ते विसरते.

ब्रशबद्दल एक शब्द, कारण तुझ्या चार फसलेल्या प्रयत्नांतले दोन तरी ब्रशमुळे फसले असणार असा माझा संशय आहे. पॅलेटबरोबर आलेल्या एकाच ब्रशने सगळे रंग लावले होतेस ना? मग मिश्रण पापणीवर होण्याआधी ब्रशवरच झालं. तीन ब्रश किमान हवेत: मोरपंखी-निळ्याला एक, जांभळा-राणीला एक, आणि एक कोरा. एवढे नसतील तर कोरड्या खरखरीत टॉवेलवर ब्रश घासून मगच पुढचा रंग घे.

आता उजेड. घरच्या आरशात झकास आणि मंगल कार्यालयात विझलेलं, हा अनुभव येणारच. कार्यालयातले पिवळे दिवे केशरी-लाल-सोनेरीला खुलवतात आणि निळ्या-जांभळ्याला झोपवतात, कारण त्या उजेडात निळा भागच कमी असतो, रंग परतवणार काय? तुझा जांभळा तिथे जवळजवळ काळा दिसेल. त्यामुळे संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर जांभळा एक छटा उजळ घे, सकाळचा मुहूर्त खिडक्या-मांडवाच्या उजेडात असेल तर गडद चालेल. ट्रायलच्या दिवशी खोलीतला पिवळा बल्ब लावून एक फोटो आणि खिडकीत एक फोटो काढ, दोन्हीत जे तग धरेल ते नक्की कर.

शेजारचा रंग कसा खेळ करतो त्याचा एक किस्सा मला फार आवडतो. शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार आली, म्हणे फिका पडतो. त्याने तपासलं तर काळ्या धाग्यात काहीच खोट नव्हती. तो निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला जात होता, म्हणून डोळ्याला फिका वाटत होता. त्यावर त्याने पुढे १८३९ साली रंगांच्या शेजारधर्मावर अख्खा ग्रंथ छापला. तुझ्या कामाचा भाग एवढाच की राणी रंगाशेजारी मोरपंखी आहे त्यापेक्षा हिरवा दिसतो. ओठांवर राणी लावलीस की डोळ्यांवरचा मोरपंखी हिरव्याकडे सरकेल. म्हणून पॅलेटमधल्या दोन मोरपंखींपैकी जो जास्त निळा वाटतो तो उचल. आणि साडी अंगावर घेऊन बघितल्याशिवाय शेड ठरवू नकोस, बोटावर किंवा मनगटावर लावून तर मुळीच नाही, मनगटाची कातडी पापणीसारखी नसते.

थोडं सुरक्षिततेचं, कंटाळा आला तरी वाच. पॅलेट उलटं करून बारीक अक्षरं बघ. अमेरिकेत डोळ्याजवळ वापरायच्या रंगांना वेगळी मंजुरी लागते, त्यामुळे काही पॅलेटमध्ये गुलाबी, लाल आणि निऑन शेडपुढे 'डोळ्यांजवळ वापरू नये' अशी सूचना असते. ती शेड ओठांवर, गालावर ठीक, पापणीवर नको, आणि त्यातल्या काही रात्री पुसल्या तरी कातडीवर गुलाबी डाग ठेवून जातात. पाकिटावर घटकच लिहिलेले नसतील तर ते पॅलेट मी कुणाच्याच डोळ्याला लावत नाही. क्राफ्टच्या दुकानातली चमकी डोळ्याला लावायची नाही, तिचे कण कडक कडांचे असतात आणि बुबुळावर ओरखडा उमटू शकतो. रंग गडद व्हावा म्हणून कुंकू-गुलाल मिसळणाऱ्याही भेटल्यात मला. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, असं केलेलं कुंकू कपाळाला ठीक आहे, पापणीच्या पातळ कातडीला नाही. बाजारातल्या रंगवलेल्या कुंकवाचं तर बोलायलाच नको. लेन्स घालत असशील तर मेकअपच्या आधी घाल. मस्कारा सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर बहिणीच्या लग्नासाठी नवा आणणं परवडेल.

हाताशी राहावं म्हणून दोन ओळींत: शेजारचे रंग घोट, समोरचे वेगळे ठेव आणि मधे सोनेरी, काजळ किंवा कातडी राहू दे. पापणी लहान असेल तर दोनच रंग. एक चमक, तीन ब्रश, डोळे आधी आणि चेहरा नंतर.

सरावाचं म्हणशील तर पूर्ण चेहरा रोज करत बसू नकोस, पापणीची कातडी सोलवटेल. एक दिवसाआड एकच डोळा कर, उजव्या हाताची असशील तर डावा, कारण तोच हाताला जड जातो. पहिल्या दिवशी फक्त मोरपंखी, घडीच्या खाली थांबायचं जमेपर्यंत. दुसऱ्या वेळी निळा जोड. जांभळा तिसऱ्या वेळी. पाचव्या प्रयत्नाला दोन्ही डोळे मिळून २५ मिनिटांत होतील, माझ्या हाताखालच्या मुलींचा साधारण हाच हिशोब असतो. आणि लग्नाच्या दिवशी दोन डोळे अगदी सारखे झाले नाहीत तर जो कमी रंगलाय त्याला वाढवत बसू नकोस, जास्त रंगलेल्याला कोऱ्या ब्रशने उतरव. पाठीमागून कुणीतरी "आवरलं का गं?" म्हणून ओरडतच असणार, त्या वेळी वाढवायला घेतलेला रंग कुणालाच थांबवता येत नाही.

ट्रायलचे फोटो टाकशील तेव्हा एक डोळे उघडे ठेवून काढ, खिडकीशी, साडीचा काठ हनुवटीखाली धरून. तुझी घडी किती खाली उतरते ते दिसलं की वळसा जमेल की नाही ते सांगते.